डावा गार्ड, नंबर चौसष्ट

रविवारी सकाळी सहाला कामावर येणाऱ्या माणसाची कुणालाही कीव येते. आमच्या ऑफिसखालच्या दर्शिनीतला, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलातला, माणूस माझ्या कॉफीत न विचारता चमचाभर साखर जास्त घालतो. पहिल्या वर्षी मी नको म्हणायचे. आता म्हणत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर मला कशालाच नको म्हणायचं बळ उरत नाही.

काय काम करतेस असं कुणी विचारलं तर मी ‘व्हिडिओचं’ एवढंच सांगते. नागपूरला आईचा समज आहे की मी लग्नांचे व्हिडिओ जोडते. तो मी मोडलेला नाही. खरं सांगायला बसलं की अर्धा तास जातो आणि शेवटी आई विचारते, मग ते गोल कधी करतात?

खरं असं आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत एक फुटबॉल खेळतात, पण तो पायानं नाही, हातानं. लांबट चेंडू काखेत धरून एक जण पळतो आणि समोरचे अकरा जण त्याला आडवा करायला धावतात. सामने तिकडच्या शनिवारी होतात. चित्रण रात्रीतून इलेक्ट्रॉनिक सिटीत आमच्याकडे येऊन पडतं, आणि तिकडचे कोच रविवारी डोळे चोळत उठायच्या आत आम्ही प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक खेळीला प्लस किंवा मायनस देऊन तक्ता पाठवायचा असतो. दोघांच्या जोडीला एक कॉलेज. माझ्या आणि रघुपती अण्णांच्या वाट्याला मैदानी मुलखातलं एक लहानसं कॉलेज होतं, आणि त्यातले फक्त पुढचे पाच.

हे पुढचे पाच म्हणजे रांगेत वाकून उभी राहणारी धिप्पाड पोरं. मधला सेंटर चेंडू पायांमधून मागे देतो, तेवढाच त्यांचा चेंडूशी संबंध. मग समोरच्याला रेटायचं आणि मागून पळत येणाऱ्याला वाट करून द्यायची. वाट झाली तर टाळ्या पळणाऱ्याला. नाही झाली तर हे पाच काय करत होते, असं सगळे विचारतात. आमच्या कामाचा पहिला नियमच हा की चेंडूकडे बघायचं नाही. चार वर्षं मी चेंडूकडे बघितलेलं नाही. सामना कोण जिंकलं हे मला बहुतेक वेळा सोमवारी कळतं.

अण्णा आनेकलचे, पन्नाशी उलटलेले. आमची माणसं शहाजीराजांबरोबर इकडे आली, असं ते गेल्या वर्षी घर बदलल्यासारखं सांगत. पहिल्या दिवशी त्यांनी मला ‘अक्का’ म्हटलं तेव्हा मी मनातल्या मनात फणकारले होते, कारण मी त्यांच्यापेक्षा चांगली वीस वर्षांनी लहान. पुढे कळलं की इथे ते मानानं म्हणतात, आणि नंतर तर ते शाल्मली म्हणाले की मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आधी ते एका कारखान्यात होते आणि कारखान्याच्या संघातून कबड्डी खेळायचे. डावा कोपरा त्यांचा. कारखाना बंद पडला, मग काही वर्षं आमच्याच इमारतीत रखवालदारी केली. कंपनीला अंगाला अंग भिडणारा खेळ कळणारी माणसं हवी आहेत असं ऐकून ते एक दिवस गणवेशातच वर येऊन मुलाखतीला बसले. त्यांना ठेवून घेतलं हे आमच्या कंपनीनं केलेलं मला ठाऊक असलेलं एकमेव शहाणपण.

आमची पद्धत अशी. प्रत्येक खेळी आधी अण्णा बघणार, पुढे-मागे करून तीन-चार वेळा, मग गुण देणार. त्यानंतर मी तीच खेळी बघायची आणि पटलं तर त्यांच्या नावाखाली माझं नाव लावायचं. मग अण्णा म्हणत, “सरी. पुढचा लाव.” सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक. एका रविवारी हे मी किती वेळा ऐकत असेन याचा हिशोब केला नाही ते बरंच झालं.

सगळ्यात अवघड असतो तो डबल. सेंटर आणि त्याच्या डावीकडचा, म्हणजे डावा गार्ड, यांच्यासमोर कधीकधी एकच अवाढव्य गडी उभा असतो. त्याला दोघांनी मिळून रेटायचं. पण त्याच्या मागे, दुसऱ्या फळीत, आणखी एक टपलेला असतो, लाइनबॅकर म्हणतात त्याला, आणि तो पळणाऱ्याला आडवा करायला येतोच. म्हणून दोघांपैकी एकानं पुढच्या गड्याला सोडून त्या मागच्यावर जायचं असतं. लवकर सोडलं तर पुढचा मोकळा सुटतो. उशिरा सोडलं तर मागचा येऊन घात करतो. कुणी सोडायचं आणि कधी, एवढ्यावर त्या पाच जणांचं अर्धं पोट भरतं, आणि आमचंही.

हा डबल आम्हाला सगळ्यांना अण्णांनी शिकवला, आणि शिकवला तो कबड्डीवरून. कबड्डीत दोघं हात धरून साखळी करतात आणि चढाईवाल्याला घेरतात. साखळी तुटली की तो निसटला. मग अण्णांचा नियम सोपा होता. गडी निसटला तर ज्याचा हात आधी सुटला तो दोषी, त्याला मायनस. जो धरून राहिला त्याला प्लस.

आमच्यातल्या कुणालाच याच्याइतकं स्वच्छ काही सुचलं नव्हतं. जितेंद्र तेव्हा आमचा टीम लीड होता. तो इतका खूश झाला की त्यानं त्यावर शिकवणीची फिल्मच केली. तीत तो आणि अण्णा हात धरून उभे आहेत, आणि ओढणी कमरेला बांधून चढाईला आलेली ती मी. ती फिल्म अजून नव्या लोकांना पहिल्या दिवशी दाखवतात. त्या दिवशी नवी पोरं मला ओळखून हसतात, म्हणून मी कॅन्टीनचा जिना टाळते.

जितेंद्र पुण्याचा. दोन वर्षं तो आणि मी जोडीनं काम केलं. आम्ही एका डब्यात जेवलो, एकमेकांच्या चुका पोटात घातल्या. मग एक दिवस ऐन मोसमात तो वरच्या मजल्यावर गेला, क्लायंटशी बोलायच्या कामावर, आणि त्याचं सगळं काम माझ्या अंगावर पडलं. जाताना केक कापला. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. सोडून जाणाऱ्या माणसांचा मला एकूणच राग आहे, आणि तो राग कामात उतरत नव्हता असं मी म्हणणार नाही.

कारण त्या कॉलेजचा डावा गार्ड, नंबर चौसष्ट, सोडून जायचा. त्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही, तक्त्यात नंबरच असतो. उजव्या कोपराला पांढरी पट्टी, धावताना डावा खांदा किंचित खाली. सेंटरबरोबर गड्याला दोन पावलं रेटायचा आणि वळून मागच्यावर जायचा. इकडे तो गडी सेंटरच्या हातून निसटायचा आणि पळणाऱ्याला धरायचा. अण्णा मान हलवून चौसष्टला मायनस द्यायचे, आणि मी त्याखाली माझं नाव अंमळ जोरातच लावायचे. रविवारमागून रविवार हेच. मला त्या पोरामध्ये जितेंद्र दिसायचा.

ऑक्टोबरात तिकडच्या कोचचं पत्र आलं. तो या वर्षीच आलेला, एकटाच दोन-दोन गटांना शिकवणारा. एकेक पाऊल निरखायला त्याला वेळ असता तर त्यानं आम्हाला नेमलंच नसतं. त्यानं लिहिलं होतं की चौसष्टबद्दल तुमचे तक्ते सारखं तेच सांगतायत, म्हणून मी त्याचे मायनस बैठकीत सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवले, आणि आता त्याला बाकावर बसवतोय. जितेंद्रनं ते पत्र टाळ्यांचं इमोजी लावून आम्हाला पाठवलं. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि त्या दिवशी डब्यातली पुरणपोळी मला देऊन टाकली. आम्ही खूश होतो. खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतरच्या रविवारी सामन्याबरोबर चुकून त्यांच्या सरावाचंही चित्रण आलं, आणि त्याला आवाज होता. आमच्या चित्रणाला कधी आवाज नसतो. आम्हाला ती माणसं मुकीच ठाऊक. अण्णांनी गंमत म्हणून ते लावलं आणि हेडफोनचा एक कानगोळा मला दिला.

सराव डबलचाच चालला होता. चौसष्टच्या जागी दुसरा पोरगा होता. कोच त्यांच्या मागे वाकून ओरडत होता, सोड, सोड, आता सोड. पोरानं सोडलं आणि तो मागच्यावर गेला. तेवढ्यात पुढचा गडी सेंटरच्या हातून निसटला. अगदी आम्ही मोसमभर बघत होतो तसाच. आता कोच गार्डाची खरडपट्टी काढणार म्हणून आम्ही दोघं वाट बघत होतो. पण तो गेला सेंटरकडे. तुझी कंबर त्याच्यासमोर आली, तो तुझ्या ताब्यात आला, म्हणूनच गार्ड निघाला, असं तो त्याला सांगत होता. त्यानंतर तो गडी तुझा, एकट्या तुझा, आणि तुझे पाय का थांबले? मग गार्डाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, असंच जायचं. म्हणजे त्या कोचच्या समजुतीनं चौसष्ट सेंटरचा ताबा बसायच्या आधीच पळत होता, आणि ही समजूत त्याला आम्ही करून दिली होती.

अण्णांनी चौसष्टचा एक जुना डबल काढला. मग दुसरा. मग आणखी. कबड्डी बाजूला ठेवून बघितलं की ते डोळ्यांत भरत होतं. प्रत्येक वेळी सेंटरची कंबर गड्यासमोर आल्यावरच तो पोरगा निघत होता. ज्या क्षणी जायचं त्याच क्षणी जात होता. साखळी धरून ठेवायचीच नव्हती मुळी. ती सुटायला हवी होती, आणि सोडायचं काम त्याला दिलेलं होतं.

“अण्णा,” मी म्हणाले.

त्यांनी कानगोळा काढला, डबा पिशवीत भरला आणि आनेकलच्या बससाठी निघून गेले. उरलेला सामना मी एकटीनं बघितला.

मोसमाचे दोन सामने उरले होते. शेवटचा त्यांच्या घरच्या मैदानावर. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या पोरांना आईबापांसकट मैदानात बोलावून त्यांची नावं पुकारतात. आम्ही दर वर्षी ते बघतो, काम नसतं तरी बघतो, आणि अण्णांना दर वर्षी काहीतरी डोळ्यांत जातं. चौसष्ट शेवटच्या वर्षाला होता.

सोमवारी मी वरच्या मजल्यावर जाऊन जितेंद्रला सगळं सांगितलं. त्यानं लॅपटॉप मिटला, म्हणजे त्याला कळलं होतं. मग त्यानं मला कंपनीचा नियम ऐकवला, जो मला पाठ होता. पाठवलेला तक्ता दुरुस्त करायचा तर चूक कुणाची हे नावानिशी सांगावं लागतं, कारण आम्ही विकतो तो भरवसा. मोसमभराची चूक म्हटल्यावर पहिला बघणारा घरी जातो. दुसऱ्यानं चूक आपलीही म्हटलं तर दोघं जातात. क्लायंटनं तर तक्रारही केलेली नाही, तो म्हणाला.

“शाल्मली, इट्स अ नॉन-इश्यू. सीझन संपतोय. अण्णांना या वयात कोण ठेवणार आहे, सांग ना?”

मला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि तो म्हणत होता ते खरं होतं. अण्णांना परत कुणी खुर्चीवर बसवणार नव्हतं. ते पुन्हा फाटकाशी उभे राहिले असते, तेही गुडघे साथ देतील तोवर. ती फिल्म तुझी होती, असं मी त्याला म्हणाले. तो म्हणाला की कल्पना अण्णांची होती. मी खाली आले.

अण्णांचा फोन बंद. मंगळवारीही बंद. मोसमात मंगळवार ते गुरुवार आम्हाला सुट्टी असते, त्या दिवसांत मी एरवी फक्त झोपते. मला झोप येईना. माझी खात्री झाली की अण्णांनी गप्प बसायचं ठरवलंय. याचा मला राग आला, आणि त्या रागाखाली थोडं हायसंही वाटत होतं. ते गप्प बसले तर मलाही गप्प बसता येणार होतं.

बुधवारी मी बस धरून आनेकलला गेले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं. दार त्यांच्या बायकोनं, सकवारबाईंनी उघडलं. त्यांनी मला बसवून घेतलं, कढीपत्ता घातलेली मज्जिगे, म्हणजे ताक, पेला भरून दिली आणि विचारलं की आज तुला सुट्टी कशी?

मी म्हणाले, आज सगळ्यांनाच सुट्टी असते.

“हे तर सोमवारपासून पहाटेच्या बसनं जातायत,” त्या म्हणाल्या. “काम स्वल्प जास्त आहे म्हणाले.”

ठरवून आणलेलं सगळं बोलणं मज्जिगेबरोबर गिळून मी उलट्या बसनं परत निघाले. उभ्यानं आले. चंदापुऱ्याच्या चौकात बस इतका वेळ थांबली की मी दांड्याला धरून डुलकी काढली.

अण्णा मागच्या छोट्या खोलीत होते, जिथे बिघडलेल्या खुर्च्या ठेवतात. त्यांनी मोसमातले चौसष्टचे सगळे डबल शोधून एकामागे एक लावले होते आणि पहिल्यापासून नव्यानं गुण देत बसले होते. चष्मा कपाळावर, डोळे लाल.

“घरी जाऊन आले तुमच्या,” मी म्हणाले.

“मज्जिगे दिली?”

“दिली.”

त्यांनी बाजूची मोडकी खुर्ची पुढे ओढली. मी बसले. आम्ही दोघं बघायला लागलो. पोरगा रेटत होता, सेंटरची कंबर फिरत होती, पोरगा निघत होता. सुरेख निघायचा. कमरेत वाकून, मागे न बघता, त्या मागच्या गड्याच्या छातीवर नेमका. मोसमभर बघूनही हे मी बघितलंच नव्हतं.

मग अण्णा बोलले, पडद्याकडे बघतच. कबड्डीत त्यांनी कधी कुणाचा हात सोडला नव्हता. कारखाना बंद झाला तेव्हा बाकीच्यांनी मिळेल ते घेऊन वाट धरली, हे मात्र सगळ्यात शेवटी निघाले. हात सोडायचा नाही एवढी एकच गोष्ट आपल्याला येते, असं त्यांना वाटत आलं होतं. आणि तीच त्यांनी एका परक्या पोराच्या डोक्यावर मारली होती.

“दुरुस्ती मी उद्या पाठवतो,” ते म्हणाले. “नाव माझं.”

“दोघांचं घालू. प्रत्येकाखाली माझं नाव आहे.”

“बेडा, नको.”

“अण्णा, मला त्याला मायनस द्यायला बरं वाटायचं. तुमच्यापेक्षा माझी चूक मोठी आहे.”

“असेल. ऐकून घे.” त्यांनी चित्र थांबवलं. पडद्यावर सेंटर आणि चौसष्ट दोघंही एकाच गड्याला टेकलेले होते. “हा बघ पुढचा. याला मी घेतला. आता तूही यालाच धरून बसलीस, तर तो मागचा कोण घेणार?”

मागचा म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं. जानेवारीत नवी माणसं येणार, पहिल्या दिवशी त्यांना ती फिल्म दाखवणार, आणि पुढच्या सप्टेंबरपासून सगळ्या कॉलेजांच्या सगळ्या गार्डांवर पुन्हा तेच. आपण दोघं गेलो तर ते थांबवणारं इथे कोण उरतं? जितेंद्र थांबवणार नाही. ती फिल्म काढून टाकायची आणि नव्यांना सरळ बघायला शिकवायचं. ते काम मोठं आहे आणि कंटाळवाणं आहे, ते म्हणाले, आणि ते तुझं आहे.

मी नाही म्हणाले. बरंच काही म्हणाले. माणसं सोडून जातात त्यांची मला चीड आहे, मला त्यांच्यातली एक व्हायचं नाही, हेही म्हणाले. माझा आवाज चढला असणार, कारण सफाईवाली बाई दारातून डोकावून गेली.

अण्णांनी सगळं ऐकलं. मग पडद्यावरच्या सेंटरच्या कमरेवर बोट ठेवलं.

“माझा याच्यावर ताबा बसलाय, अक्का. आता तू सोड.”

मला रडू आलं. असल्या मोडक्या खुर्चीवर बसून रडलं की ती कुरकुरते. अण्णा पडद्याकडे बघत राहिले आणि माझं होईपर्यंत थांबले. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी गेली. तिच्यावर एकच नाव होतं. खाली, दुसऱ्या बघणाऱ्यानं लिहायचं असतं तिथे, चूक पहिल्या बघणाऱ्याच्या समजुतीची, असं मी स्वतःच्या हातानं लिहिलं. शुक्रवारी अण्णांनी ओळखपत्र परत केलं. केक कुणी आणला नाही. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथला रखवालदार त्यांचा जुना सोबती, तो उठून उभा राहिला. बस आली आणि ते चढले.

त्या रविवारी माझ्या शेजारी सिद्धी आली. के. आर. पुरमहून दोन बस बदलून येते, हुशार आहे, आणि प्रश्न विचारून जीव काढते. मला शिकवायचा कंटाळा येत होता. तरी शिकवत होते, कारण अण्णांना वचन दिलं होतं. पहिल्या बघणाऱ्याची खुर्ची आता माझी. मी प्रत्येक गुणानंतर ‘पुढचा लाव’ म्हणत होते. ‘सरी’ काही तोंडातून निघत नव्हतं.

कोचचं उत्तर आलं होतं, अगदी थोडक्यात. कळवल्याबद्दल आभार, बघतो. पुढच्या आठवड्यात तो शेवटचा, घरच्या मैदानावरचा सामना आला. चित्रण लावलं तर सुरुवातीला पोरं आईबापांबरोबर मैदानात येत होती. चौसष्टही आला. हेल्मेटशिवाय मी त्याला पहिल्यांदाच बघितलं. गोल चेहरा, कान लाल, शेजारी त्याच्या खांद्यालाही न पोचणारी आई. आणि सामना सुरू झाला तेव्हा तो डाव्या गार्डाच्या जागेवर वाकून उभा होता.

मी सिद्धीला म्हणाले, स्वल्प थांब, आणि उठून पाणी पिऊन आले. मला फार बरं वाटत होतं. अण्णांची खुर्ची गेली ती याच्यासाठी, आणि तो तिथे होता. मोसमात पहिल्यांदाच मला थकवा जाणवत नव्हता.

पहिला डबल आला. सेंटर आणि चौसष्ट मिळून गड्यावर गेले. दोन पावलं रेटला. सेंटरची कंबर फिरली, चांगली फिरली, गडी पुरता त्याच्या ताब्यात आला. चौसष्ट रेटतच राहिला. मागचा लाइनबॅकर मोकळा चालत आला आणि त्यानं पळणाऱ्याला जागच्या जागी पाडलं.

मी ते मागे घेऊन पुन्हा बघितलं. पुढचा डबल बघितला. त्यापुढचा. सेंटरचा ताबा बसत होता, आणि चौसष्ट एकदा डोकं वळवून मागच्याकडे बघत होता, आणि जात नव्हता. दोन्ही हातांनी त्या गड्याला घट्ट धरून उभा राहत होता. सोडलं की मायनस, हे त्याला आम्ही मोसमभर, सगळ्यांसमोर, पडद्यावर दाखवून शिकवलं होतं. दुरुस्ती कोचपर्यंत गेली होती. पोराच्या अंगापर्यंत ती पोचली नव्हती.

“याला प्लस ना?” सिद्धीनं विचारलं. “यानं शेवटपर्यंत सोडलं नाही.”

तिला ती फिल्म आधीच दाखवलेली होती. मी तिला सांगितलं की नाही, हा मायनस, आणि का ते समजावलं. माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. मग मी चौसष्टपुढे मायनस दिला. या वेळी बरोबर होता. माझ्या सगळ्या नोकरीत इतका जड गुण मी दिलेला नाही. सिद्धीनं खाली तिचं नाव लावलं.

मग मी बाहेर जिन्यात जाऊन अण्णांना फोन केला. त्यांनी लगेच उचलला. रविवार आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

“खेळला?” त्यांनी विचारलं.

“खेळला. आई आली होती त्याची.” मग मला सांगावंच लागलं. “अण्णा, तो सोडतच नाहीये. ताबा बसला तरी सोडत नाही. धरूनच उभा राहतो.”

पलीकडे सकवारबाई कुणाशी तरी बोलत होत्या, भांडी वाजत होती.

“मायनस दिलास?” अण्णांनी विचारलं.

“दिला.”

त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

“सरी,” ते म्हणाले. “पुढचा लाव.”